सगळे 10 रुपयांना पोळी विकत असताना मी 7 ला विकली तर ते चुकीचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या भागात आधीच तीन पोळीभाजी केंद्रं आहेत, तुम्ही 7 रुपयांनी सुरुवात करून गिऱ्हाईक ओढणार आहात आणि घरचे म्हणतायत हे बरं नव्हे. कमी भाव लावण्यात पाप नाही. पण पोळीमागचे ते 3 रुपये कोणाच्या खिशातून निघणार, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे.

माझं डोंबिवलीत केंद्र आहे. संध्याकाळच्या गाड्यांनी उतरलेल्या बायका जाता जाता पोळ्या घेतात, त्या दोन-अडीच तासांवर आमचा दिवस चालतो. आमच्याच रस्त्यावर, चार गाळे सोडून, एका गृहस्थांनी केंद्र काढलं आणि बाहेर फलक लावला: पोळी फक्त 7 रुपये. आठवडाभरात माझी रांग तिकडे गेली. गिऱ्हाइकांना मी दोष देत नाही, महिन्याचा हिशोब त्यांनाही असतो.

तेव्हा माझा पोळीमागचा खर्च असा होता. किलोभर पिठाच्या अठ्ठावीसएक पोळ्या होतात, म्हणजे पीठ 1.60. तेल आणि पिशवी मिळून 1 रुपया. गॅस 1 रुपया. लाटणाऱ्या बाईंना नगावर अडीच. गाळ्याचं भाडं आणि वीज मिळून 2. झाले 8 रुपये 10 पैसे. 10 तून उरतात 1 रुपया 90 पैसे, त्यात माझी मेहनत आणि दिवस संपल्यावर उरलेल्या पोळ्यांचं नुकसान.

त्या गृहस्थांचा गाळा स्वतःचा होता. भाडं वाचलं, ठीक आहे, ते त्यांचं नशीब. 8 ला विकली असती तर मी एक शब्द बोलले नसते. पण मागच्या बाजूला लाल सिलिंडर लावलेले मी स्वतः पाहिले. घरगुती, 14.2 किलोचे. धंद्याला 19 किलोचा कमर्शियल घ्यावा लागतो आणि तो किलोमागे बराच महाग पडतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि लाटायला बसलेल्या बाईला ते नगावर दीड रुपया देत होते. ती आधी माझ्याकडे काम करून गेलेली, म्हणून मला कळलं. म्हणजे गिऱ्हाइकाला जो रुपया स्वस्त मिळत होता, तो तव्यासमोर घाम गाळणाऱ्या बाईचा होता.

मी भाव उतरवला नाही. सकाळचे डबे वाढवले, थालीपीठ आणि गूळपोळी ठेवली, बाईंचे अडीच रुपये कायम ठेवले आणि टिकले. टिकल्या नाहीत त्या कोपऱ्यावरच्या काकू. तळमजल्याच्या खिडकीतून त्या रोज पन्नाससाठ पोळ्या विकायच्या, पाठीमागे कोणी नव्हतं. त्यांनी 7 ला देऊन बघितलं, मग बंद केलं. भाव पाडला की आधी मरतो तो सगळ्यात अशक्त माणूस. ज्याच्याशी स्पर्धा करायची होती तो बहुतेक वेळा तगून जातो. काकू गेल्यावर काही दिवसांनी 7 चे 10 झाले. फलकसुद्धा तोच, फक्त आकड्यावर कागद चिकटवला.

आमचे धाकटे दीर आजही म्हणतात, "वहिनी, धंद्यात दयामाया नसते. जिओने काय केलं?" जिओने काय केलं ते सांगते. सप्टेंबर 2016 पासून मार्च 2017 संपेपर्यंत फुकट दिलं. एअरटेल स्पर्धा आयोगाकडे गेली, पण जिओचं बाजारात वर्चस्वच नाही म्हणून 2017 मध्ये आयोगाने तक्रार फेटाळली. स्पर्धा कायद्यात भाव पाडून दुसऱ्याला संपवण्याला मनाई आहे ती बाजारावर वर्चस्व असलेल्यालाच. त्यामुळे तुम्हाआम्हाला त्या कायद्याची भीती नाही, एवढं भाऊजींचं बरोबर. पुढे 2018 मध्ये एअरसेलने दिवाळखोरी मागितली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, आणि जुलै 2024 मध्ये उरलेल्या तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. ज्याच्यामागे रिलायन्सचा पैसा आहे त्याचं उदाहरण कोपऱ्यावरच्या काकूंना लावायचं नसतं. भाऊजी, तुम्ही हे वाचणार आहातच. पगार दर महिन्याला खात्यात जमा होणाऱ्या माणसाने दयामाया नसते असं म्हणणं सोपं आहे.

आता तुमचं. तुमचा गाळा स्वतःचा असेल, घरातली दोन माणसं खरोखर हाताखाली असतील, पीठ घाऊक मिळत असेल, तर खुशाल 8 ला विका, अगदी साडेसातला बसत असेल तर तसं विका. पहिले पंधरा दिवस सुरुवातीचा भाव म्हणून 7 लावायचा असेल तर फलकावर शेवटची तारीख लिहा, म्हणजे गिऱ्हाईकही फसत नाही आणि शेजाऱ्यालाही कळतं. "घरातली माणसं" म्हणून बायकोला आणि आईला फुकट राबवणार असाल तर तो खर्च वाचलेला नाही, तो त्यांच्या अंगावर पडलेला आहे.

आणखी एक, हे आधीच लिहायला हवं होतं: तुमच्याकडच्या तिघांनी संगनमत करून 10 चा भाव बांधला असेल आणि पोळी कागदासारखी देत असतील, तर माझं वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. मग तुम्ही भाव मोडलात तर लोकांवर उपकारच होतील.

फक्त हिशोब कमर्शियल सिलिंडर धरून करा, आणि लाटणाऱ्या बाईंचा दर आजूबाजूला चालतो त्यापेक्षा कमी धरू नका. त्यानंतर जो आकडा येईल तो लावा. माझ्या अंदाजाने तो 7 येणार नाही.