धडधड थायरॉइडची, जाडी हृदयाची

प्रश्न : थायरॉइड वाढून धाकट्या भावाची छाती धडधडायची. परवा रामकुंडाच्या पायऱ्या चढताना तो मटकन खाली बसला. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाच्या डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा १८ मिमी जाड निघाला. थायरॉइडच्या गोळ्यांनी हे जाईल ना? आमचे वडील ४५व्या वर्षी झोपेतच गेले.
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : ताई, धडधड कमी होईल, जाडी मात्र राहील. निरोगी पडदा साधारण १२ मिमीच्या आत असतो. थायरॉइडने नाडी पळवली, हृदयाला भरायला उसंत मिळेना, म्हणून आधीचा दोष, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार (हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी), उघडा पडला. तुमचं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. वडिलांना हाच आनुवंशिक आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता ५० टक्के. तुम्हाला काही त्रास नसला तरी ईसीजी आणि इको याच आठवड्यात करा. भावाच्या मुलांचंही हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. आणि त्याला तूर्त धावायला, जड उचलायला अजिबात देऊ नका.