टॅरो रीडिंगचा अर्थ लागत नसेल तर आणखी कार्डं काढावीत का?

अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय, नोकरी सोडू का म्हणून तीन कार्डं काढली, काही कळेना म्हणून आणखी चार काढली आणि आता डोकं फिरलंय. फिरणारच. आमच्या कोकणात देवाला कौल लावतात. मनासारखा पडेना म्हणून सारखा लावत बसलं तर गुरवसुद्धा वैतागतो.

मी ही फजिती स्वतः करून घेतलीय. काही वर्षांपूर्वी एका रविवारी थोरल्या वन्सं आल्या. "डोंबिवलीची जागा विकू का, बघ गं तुझ्या पत्त्यांत." आले टू ऑफ स्वॉर्ड्स, द मून आणि सिक्स ऑफ स्वॉर्ड्स. मी आपली पुस्तकातलं पुटपुटतेय, द्विधा मन, संभ्रम, स्थलांतर. "अगं, हो की नाही ते सांग ना!" झालं. एकावर एक काढत सुटले. पलंगपोसावर अकरा कार्डं, आणि शेवटचं नेमकं डेथ. वन्सं चहा तसाच टाकून उठल्या. डेथ म्हणजे मरण नव्हे, हे मी त्यांना जिन्यापर्यंत सांगत गेले.

पंधरा दिवसांनी कळलं, बाईंनी टोकन आधीच घेतलं होतं! धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, सांगायचं कसं एवढंच अडलं होतं. आता ती तीन कार्डं बघा. डोळ्यांवर पट्टी, छातीशी दोन तलवारी आडव्या धरून बसलेली बाई. चंद्राखाली पाण्यातून हळूच वर येणारा खेकड्यासारखा जीव. आणि आपल्याकडे पाठ करून नावेत बसलेली बाई, नाव केव्हाच सुटलेली. यात हो-नाही कुठून सापडणार? विचारायचं होतं एक, विचारलं भलतंच.

म्हणून आधी प्रश्न कागदावर लिहा, आणि पुस्तक उघडण्याआधी चित्र बघा. चित्रकार पामेला कोलमन स्मिथनं १९०९च्या डेकसाठी, म्हणजे कार्डांच्या संचासाठी, ७८च्या ७८ कार्डांवर चित्रं काढली, ती काय उगाच? तरीही उमगलं नाही तर फोटो काढून ठेवा आणि आठवड्यानं बघा. (तुमचा डेक मार्सेय, म्हणजे जुन्या फ्रेंच धाटणीचा, असेल तर चित्राचा सल्ला निम्मा बाद. त्यात सहा तलवारी म्हणजे नुसत्या सहा तलवारी.)

आता खरं सांगायचं तर हे सगळं मला टोकनचं कळल्यावर सुचलं. "मग काय, मलाही दिसलं असतं," असं हे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. जागेचे कागद वकिलालाच दाखवावेत, आणि दुसरी नोकरी हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नये, मग कार्ड काहीही येवो. पण वन्सं अजून प्रत्येक लग्नकार्यात "हिची अकरा उत्तरं" म्हणून मला हसतात, टोकनचं मात्र चुकूनही काढत नाहीत.

तुमची पहिली तीन कोणती आली होती ते कळवा. नंतरची चार नकोत.