‘स्विच इट ऑफ’ चालतं, मग ‘लुक इट आफ्टर’ का नाही?

वाचकांचे प्रश्न : इंग्रजी

प्रश्न : ‘स्विच ऑफ द पंप’ बरोबर, ‘स्विच द पंप ऑफ’ही बरोबर. पण ‘स्विच ऑफ इट’ लिहिलं तर पेपरात लाल रेघ आली. ‘लुक आफ्टर इट’ मात्र बरोबर धरलं. यात नियम कोणता?
– बारावीची विद्यार्थिनी, वरूड

उत्तर : मराठीत ‘वर’, ‘साठी’, ‘कडे’ नामाला चिकटूनच येतात : धुऱ्यावर, गाईसाठी, शाळेकडे. म्हणून इंग्रजीत ‘ऑफ’, ‘अप’, ‘आफ्टर’ दिसला की आपण तोही पुढच्या नामाच्या खात्यावर टाकतो. इंग्रजीत हा छोटा शब्द कधी नामाचा असतो, तर कधी क्रियापदाचा. नामाचा असला तर तो प्रिपोझिशन, आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा. क्रियापदाचा असला तर क्रियाविशेषण.

‘स्विच ऑफ’मधला ‘ऑफ’ क्रियापदाचा आहे. असा शब्द नामाच्या अलीकडे किंवा पलीकडे कुठेही बसतो, पण नामाऐवजी ‘इट’, ‘देम’, ‘हिम’ असं सर्वनाम आलं की ते मध्येच घालावं लागतं : ‘स्विच इट ऑफ’. ‘लुक आफ्टर’मधला ‘आफ्टर’ प्रिपोझिशन आहे. तो आपल्या नामाच्या किंवा सर्वनामाच्या आधीच उभा राहतो, नंतर सरकत नाही. म्हणून ‘लुक आफ्टर इट’.

आता खरी अडचण. शब्द पाहून हे ठरत नाही. ‘गेट ऑफ द बस’ म्हणजे एसटीतून उतरणे. इथे तोच ‘ऑफ’ प्रिपोझिशन आहे, म्हणून ‘गेट ऑफ इट’ अगदी बरोबर. तेव्हा ‘ऑफवाले सगळे मधे तुटतात’ अशी यादी पाठ करू नका, फसाल.

नाम सरकवून पाहा. ‘ही रॅन अप द हिल’ म्हणजे तो टेकडीवर धावत गेला. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्याने दुकानात उधारी चढवली. ‘ही रॅन अ बिल अप’ म्हणता येतं, ‘ही रॅन द हिल अप’ म्हणता येत नाही. दुसरी खूण कानाची : ‘स्विच इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर पडतो, ‘लुक ॲट इट’मध्ये ‘लुक’वर. पण ही खूण ‘ॲट’, ‘फॉर’, ‘टू’ अशा आखूड शब्दांपुरतीच धरा. ‘आफ्टर’सारख्या लांब शब्दावर तो प्रिपोझिशन असूनही जोर येतो.

आणखी एक. नाम लांबलचक असेल, म्हणजे ‘काकांनी मागच्या वर्षी घेतलेला पंप’ असं काही, तर ‘ऑफ’ वाक्याच्या शेवटी लोंबकळत ठेवू नका. ‘स्विच ऑफ’ एकत्र म्हणून टाका आणि मग ते लांब नाम लिहा.

प्रश्न : मुलं हमखास ‘डिस्कस अबाउट’, ‘कोप अप विथ’, ‘मॅरीड विथ’ लिहितात. कितीही सांगा, पुन्हा तेच. – शिक्षक, घाटंजी

उत्तर : मुलं मराठीतून बरोबर विचार करतात, म्हणूनच चुकतात. आपण ‘त्याबद्दल’ चर्चा करतो, ‘तिच्याशी’ लग्न करतो, खोली‘त’ शिरतो. इंग्रजीत डिस्कस, मॅरी, डिमांड, एंटर, रिच यांना थेट कर्म लागतं, मधे काही नको. गोंधळ वाढतो तो नामामुळे : ‘डिस्कशन अबाउट’, ‘मॅरेज टू’, ‘डिमांड फॉर’ हे बरोबर आहे. त्यामुळे फळ्यावर क्रियापद आणि नाम शेजारी शेजारी लिहा, एकटं क्रियापद लिहू नका. ‘एंटर इंटू’ सरसकट चूक ठरवू नका. खोलीत शिरायला ते नको, पण ठेक्याच्या वावराचा करार करायचा तर ‘एंटर इंटू ॲन ॲग्रीमेंट’ हेच बरोबर.

‘कोप’मध्ये ‘अप’ घुसतो तो बहुधा ‘कीप अप विथ’, ‘पुट अप विथ’ यांच्या संगतीने. ‘रिटर्न बॅक’मध्ये ‘परत’ दोनदा येतो.

उलटी चूकही तपासा. ‘माझं ऐक’ याचं मुलं ‘लिसन मी’ करतात, ‘मला समजाव’ याचं ‘एक्सप्लेन मी’. तिथे ‘टू’ हवाच : ‘लिसन टू मी’, ‘एक्सप्लेन इट टू मी’.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेसाठी पाचशे फ्रेजल व्हर्ब्जची, म्हणजे ‘स्विच ऑफ’सारख्या जोड क्रियापदांची, यादी पाठ करतो आहे. आठवड्यात विसरतो. काय करू? – एक उमेदवार, चिखली

उत्तर : यादी बाजूला ठेवा. इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं आहे की परक्या माणसाला इंग्रजीत सर्वांत जड जातं ते हेच. मराठी माणसाला मात्र एक वाट आयती मिळते. इंग्रजी छोट्या शब्दाकडून जे काम करून घेते, ते मराठी बऱ्याचदा दुसऱ्या क्रियापदाकडून घेते. खाऊन टाक, फाडून टाक, वापरून टाक : ईट अप, टेअर अप, यूज अप. इथला ‘अप’ म्हणजे आपलं ‘टाकणे’, काम पुरतं संपवणे. ‘ऑन’ म्हणजे पुष्कळदा ‘राहणे’ : गो ऑन, कीप ऑन, करत राहणे. हे सगळीकडे लागू पडत नाही. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडणे, ‘ब्रिंग अप’ म्हणजे लहानाचं मोठं करणे. ते वेगळेच शिकावे लागतात.

एकच क्रियापद घेऊन वेगवेगळे शब्द जोडून पाहा. बाभूळ आधी ‘कट डाउन’ करतात, म्हणजे आडवी पाडतात. मग ‘कट अप’, म्हणजे तुकडे. नुसती एक फांदी काढली तर ‘कट ऑफ’. संत्र्याच्या झाडाची वाढ आखडती घ्यायला छाटलं तर ‘कट बॅक’. चार चित्रं डोळ्यांपुढे आली की चार शब्द राहतात.

वहीत लिहिताना कर्माची जागा मोकळी ठेवा : ‘पुट – ऑफ’, ‘लुक आफ्टर –’. त्या जागी ‘इट’ घालून मोठ्याने म्हणा. खाली वाक्य स्वतःच्या वावरातलं हवं : ‘इट रेन्ड, सो वी पुट द स्प्रेइंग ऑफ’. आठवड्याला दहा पुरे. कर्ताही पाहून घ्या. खत संपलं तर ‘द युरिया रॅन आउट’, पण माणूस कर्ता असेल तर ‘वी रॅन आउट ऑफ युरिया’.

शब्दकोशात ही रूपं बहुधा क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी असतात. काहींमध्ये दोन्हीकडे टोक असलेला बाण असतो. तो दिसला की कर्म दोन्ही जागी चालतं.

प्रश्न : ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ चूक कसं? ‘टू’नंतर मूळ क्रियापदच येतं ना? – वाचक, आर्वी

उत्तर : इथला ‘टू’ प्रिपोझिशन आहे, म्हणून ‘मीटिंग’. ‘टू’नंतर ‘इट’ घालून पाहा. ‘लुक फॉरवर्ड टू इट’ जमतं, म्हणजे पुढे ‘आयएनजी’ लावा. ‘वाँट टू इट’ जमत नाही, तिथे मूळ रूप. ‘ऑब्जेक्ट टू’ आणि ‘बी यूज्ड टू’ (सवय असणे) पहिल्याच गटात येतात.

प्रश्न : फॉर्म ‘फिल अप’ करायचा की ‘फिल इन’? – वाचक, दारव्हा

उत्तर : ब्रिटनमध्ये ‘फिल इन’, अमेरिकेत ‘फिल आउट’. ‘फिल अप’ आपल्याकडे सर्रास चालतं आणि कळतंही, पण परीक्षेत ‘फिल इन’ लिहा. ‘फिल अप’ पाण्याच्या टाकीसाठी राहू द्या.