‘खरा फोटो’ म्हणून कुणी दाखवला तर

बेळगाव-खानापूर भागात इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा किंवा संगोळी रायण्णांचा ‘खरा फोटो’ कुणी दाखवला, तर आधी साल बघा. चन्नम्मा १८२९ला गेल्या, रायण्णांना १८३१ला नंदगडला फाशी झाली. दागेरोटाइप, म्हणजे फोटो काढायची पहिली प्रचलित पद्धत, जाहीर झाली १८३९ला. म्हणजे ते चित्रच.

दुसऱ्या कुणाचा, नंतरच्या काळातला जुना फोटो असेल तर दहापट भिंग लावा. छपाईचे ठिपके दिसले की कात्रण समजा. अल्ब्युमेन प्रिंटमध्ये (अंड्यातल्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरचा जुना फोटो) कागदाचे तंतू दिसतात, उजळ भाग पिवळट पडतो, आणि कागद पातळ म्हणून तो पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो. गडद भागात, कडेला चंदेरी झाक आली असेल तर बहुधा जिलेटिनचा थर असलेला फोटो, म्हणजे १८८०नंतरचा. फ्रेमसाठी पुठ्ठा कापू नका. त्याच्या मागच्या स्टुडिओच्या छापावरूनही काळ ठरवता येतो. लॅमिनेशन तर मुळीच नको! आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल्या भिंतीवर टांगलात तर बुरशी धरलीच.