इंग्लंडमध्ये शिक्षकाची सहिष्णुता कशी जोखली जाते?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही कोपरखैरण्याच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवता, इंग्लंडमध्ये शिक्षिका म्हणून येण्याची तयारी करत आहात आणि येथील शाळा सहिष्णुतेची जी अपेक्षा ठेवतात ती नेमकी कशी तपासतात, त्यासाठी एखादी चाचणी द्यावी लागते का, असे तुम्ही विचारले आहे. मी पूर्वी ठाण्यात शिकवत असे. आता येथील एका माध्यमिक शाळेत शिकवतो आणि नव्या शिक्षकांच्या निवड समितीवरही अधूनमधून बसतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चाचणी नसते. आपल्याकडे बी.एड.ला अभिवृत्तिमापिका (मनाचा कल मोजणारी प्रश्नावली) शिकवतात, तशी रशियन मानसशास्त्रज्ञ बोइको यांची एक प्रश्नावली आहे: ४५ विधाने, प्रत्येकाला ० ते ३ गुण, आणि १३५ पैकी गुण जितके अधिक तितकी माणसांशी वागतानाची सहिष्णुता कमी. स्वतःशी प्रामाणिक राहून घरी भरायला ती उपयोगी आहे. परंतु नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराला कोणते उत्तर शोभून दिसते हे ठाऊकच असते, त्यामुळे निवडीच्या कामी तिचा भरवसा मला वाटत नाही.

येथे पाहतात ते मतभेदाच्या वेळचे वर्तन. सप्टेंबर २०१२ पासून लागू असलेल्या येथील सरकारी शिक्षक-मानकांच्या (शिक्षकांकडून काय अपेक्षित आहे हे सांगणाऱ्या नियमांच्या) दुसऱ्या भागात इतरांच्या हक्कांविषयी आदर व सहिष्णुता, तसेच भिन्न धर्म आणि श्रद्धा असलेल्यांविषयी सहिष्णुता अपेक्षित धरलेली आहे. त्याच्या जोडीला २०१० चा समानता कायदा आहे. त्यात वंश, धर्म वा श्रद्धा, अपंगत्व, लिंग, लैंगिक कल यांसह नऊ बाबींवरून होणाऱ्या भेदभावापासून संरक्षण दिले आहे, आणि वंश म्हणताना त्यात त्वचेचा रंग व राष्ट्रीयत्वही येते.

निवडीच्या दिवशी बहुधा एक नमुना-पाठ घ्यावा लागतो. मागे बसलेले निरीक्षक तुमचे विषयज्ञान पाहतातच, पण चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाला तुम्ही काय म्हणता, अडखळत बोलणाऱ्याला पुरेसा वेळ देता का, की त्याचे वाक्य स्वतःच पुरे करून पुढे जाता, हेही टिपून घेतात. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि ज्यांना ते हुशार समजतात त्यांच्यासाठी अधिक थांबतात. साठ मुलांच्या वर्गात अभ्यासक्रम संपवण्याची घाई असते, हे मला मान्य आहे. तरी मनातला आवड-निवडीचा हिशेब तिथेच उघडा पडतो.

मुलाखतीत प्रसंग दिले जातात. वर्गात एका मुलीने दुसरीच्या धर्मावरून टोमणा मारला, तर तुम्ही काय कराल? 'दोघींना समजावून सांगेन' हे उत्तर अपुरे आहे. टोमणा तिथल्या तिथे थांबवणे, जिला लागले तिची विचारपूस करणे, मारणारीशी वेगळे बोलणे, लेखी नोंद करणे आणि संबंधित जबाबदार सहकाऱ्याला कळवणे, एवढे सगळे अपेक्षित असते. काणाडोळा करणाऱ्याला येथे सहिष्णू म्हणत नाहीत. उलट तुम्ही शिस्तीच्या कडक आहात म्हणून कोणी तुम्हाला असहिष्णू ठरवणार नाही, फक्त नियम सर्वांना सारखा लागला पाहिजे.

खरी अडचण मला वर्गापेक्षा स्टाफरूममध्ये दिसते. सहकाऱ्याचे वजन, सावळा रंग, प्रांत, उच्चार यांवरून आपल्याकडे चहाबरोबर सहज थट्टा चालते आणि कोणी मनावर घेत नाही असे आपण धरून चालतो (ज्याची थट्टा होते त्याला मात्र कोणी विचारत नाही). येथे तीच थट्टा तक्रारीचा विषय होऊ शकते. शिवाय वर्गात मदतीला असणाऱ्या सहायकाशी तुम्ही कसे बोलता, विद्यार्थिनीच्या आईला इंग्रजी नीट येत नसेल तर दुभाष्याची सोय करता की तिच्या मुलीलाच दुभाषी करता, याकडेही लक्ष असते. संरक्षण तुम्हालाही आहे, हेही ध्यानात ठेवा: तुमच्या उच्चारांची किंवा उपासाची कोणी टर उडवली तर निमूट सोसण्याची गरज नाही.

तयारीसाठी मुंबई सोडावी लागत नाही. नवी मुंबईच्या एकाच वर्गात आगरी-कोळी घरांतली, घाटावरून आलेली, उत्तर भारतीय आणि दाक्षिणात्य मुले शेजारी बसतात. एवढी विविधता येथील पुष्कळ शाळांना नाही. विश्वासातल्या एखाद्या सहशिक्षिकेला दोन-तीन तासिकांना मागे बसवा आणि तुम्ही कोणाला प्रश्न विचारलात, कोणासाठी थांबलात, कोणाला नावाने आणि कोणाला 'ए, मागच्या बाकावरच्या' म्हणून हाक मारलीत, एवढेच तिला लिहायला सांगा. मापिकेच्या गुणांपेक्षा हा कागद अधिक खरे बोलेल.

पात्रतेचा मार्ग विज्ञानाच्या भारतीय शिक्षकांना २०२३ पासून खुला झाला आहे, परंतु अटी बदलत राहतात, म्हणून अर्जापूर्वी सरकारी संकेतस्थळ पाहावे. संदर्भपत्राची तजवीज मात्र आत्ताच करा. येथील शाळा ते थेट तुमच्या मुख्याध्यापकांकडून मागवतात आणि तुमच्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई झाली होती का, मुलांसोबत काम करण्यास तुम्ही योग्य आहात का, असे स्पष्ट विचारतात. आपल्याकडची 'मनमिळाऊ व कर्तव्यदक्ष' अशी ठरावीक दोन ओळींची शिफारस तिथे फारशी कामाची नाही. पालकसभेत चिडलेल्या पालकांना तुम्ही कसे हाताळलेत किंवा मागे पडलेल्या मुलाला कसे सांभाळून घेतलेत, असा एखादा घडलेला प्रसंग मुख्याध्यापकांनी लिहावा, अशी त्यांना आधीच विनंती करून ठेवा.