कॉलेजच्या गावात बाजारपेठेचा रस्ता रुंद होणार आहे. दुकानदार आणि हॉस्टेलच्या मुलांनी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नगरपरिषदेचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झालाय, साडेसहा मीटरचा मेन रोड त्यात बारा मीटर दाखवलाय, जुन्या मंडईवर व्यापारी संकुलाचं आरक्षण टाकलंय, आणि गावकरी व विद्यार्थी मिळून मोर्चा काढायच्या विचारात आहेत. रुंदीकरणाने बाजारपेठ वाढेल का, असंही विचारलंय.

मोर्चा जरूर काढा, पण त्याआधी राजपत्राची तारीख बघा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे हरकतीला तीस दिवस मिळतात आणि ते राजपत्रातल्या सूचनेपासून मोजतात. गावात बोलबाला होईपर्यंत त्यातले निम्मे उडालेले असतात. सूचना मे महिन्यात निघाली तर हॉस्टेलं रिकामी, आणि रस्ता रोज पायी वापरणाऱ्या मुलांची एकही हरकत नोंदली जात नाही.

नगररचना विभागात जाऊन दोन्ही नकाशे मागा: विद्यमान जमीन वापराचा आणि प्रस्तावित जमीन वापराचा. लोक फक्त दुसरा बघतात. खरी चूक पुष्कळदा पहिल्यात असते. राहता वाडा मोकळी जागा म्हणून दाखवलेला असतो, बोळ रस्ता म्हणून रंगवलेला असतो, आहे त्यापेक्षा रस्ता रुंद धरलेला असतो. पाया चुकीचा असेल तर वरचा प्रस्ताव खोडायला सोपा जातो. म्हणून टेप घेऊन रस्त्यावर उतरा. दर दहा मीटरवर भिंतीपासून भिंतीपर्यंतचं माप घ्या, ओटे आणि पायऱ्या वेगळ्या लिहा, प्रत्येक मापाचा फोटो काढा, दोन पंचांच्या सह्या घ्या.

मग हिशेब मांडा. साडेसहाचा बारा म्हणजे साडेपाच मीटर वाढ. मध्यरेषेपासून दोन्हीकडे सारखी घेतली तर प्रत्येक बाजूचे पावणेतीन मीटर गेले. दुकान तीन मीटर खोल असेल तर उरले पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे धड शटरही बसणार नाही. हा आकडा प्रत्येक दुकानाचा वेगळा काढा. ‘बाजारपेठ उद्ध्वस्त होईल’ या वाक्याला सुनावणीत कोणी विचारत नाही, पण ‘सि. स. नं. (सिटी सर्व्हे नंबर) अमुक, खोली तीन मीटर, बाधित २.७५ मीटर, उर्वरित क्षेत्र वापरण्याजोगे नाही’ याला उत्तर द्यावंच लागतं. रेषा एकाच बाजूला सरकवलेली असेल तर गणित बदलतं, आणि समोरच्या बाजूला का सोडलं हा पहिला प्रश्न ठरतो.

हरकतीत चार गोष्टी हव्यात: मिळकतीचा सिटी सर्व्हे नंबर, आराखड्यातला रस्त्याचा किंवा आरक्षणाचा क्रमांक, तुमचं म्हणणं आकड्यांसह, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय ते. ही शेवटची गोष्टच राहून जाते. ‘रुंदीकरण रद्द करावे’ याच्या जोडीला ‘ते शक्य नसल्यास नऊ मीटर ठेवावे’ असा पर्याय लिहा. मालमत्ता पत्रकाची नक्कल जोडा. दोन प्रती द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. चारशे सह्यांचं एक निवेदन हे एकच निवेदन असतं, त्याला एकच सुनावणी. चारशे माणसांच्या चारशे हरकती द्या, आणि प्रत्येकीत त्या माणसाचं स्वतःचं कारण येऊ द्या. छापील नमुन्यावर नुसतं नाव भरलं तर सगळा गठ्ठा एका ओळीत निकाली निघतो.

भाडेकरू दुकानदारांना मी कळकळीने सांगतो, मालकावर विसंबू नका. मोबदला असो, की टीडीआर (गेलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क) असो, तो मालकाच्या नावे निघतो. तुमच्या हरकतीला भाडेपावत्या, गुमास्ता (दुकानाच्या नोंदणीचा दाखला) आणि वीजबिल जोडा. छोट्या गावात टीडीआरला गिऱ्हाईकच नसतं. ज्याला जादा मजले बांधायचेत असा बिल्डर गावात नसेल तर तो कागद कपाटात पडून राहतो, हे मालकांनीही ओळखावं.

सुनावणी कलम २८ खालच्या नियोजन समितीपुढे होते: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार जाणकार. तिथे दोन-चार मिनिटंच मिळतात, म्हणून मोठ्या केलेल्या नकाशावर लाल पेनने रेषा आखून न्या. विद्यार्थ्यांची इथे हमखास फसगत होते. सुनावणीची नोटीस खोलीच्या पत्त्यावर जाते, तोवर मुलानं खोली बदललेली असते, आणि नावापुढे ‘अनुपस्थित’ लागतं. गावात कायम राहणाऱ्या कोणाचा तरी पत्ता द्या.

आता रुंदीकरणाने बाजारपेठ वाढते का. हा वाद मी प्रत्येक आराखड्याच्या वेळी घालतो, आणि ‘रस्ता मोठा झाला की गिऱ्हाईक येतं’ म्हणणाऱ्यांनी मला अजून एकदाही हिशेब दाखवलेला नाही. कॉलेजच्या गावातलं गिऱ्हाईक चालत येतं किंवा दुचाकीवर. एका मोटारीला अडीच बाय पाच, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते, दुचाकीला दोन. वाढवलेल्या पट्ट्यात मोटारी लागल्या तर सहा दुचाकींची जागा एकेक मोटार खाते आणि पायी येणारा दुकानापासून लांब ढकलला जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत पदपथाची अडथळा नसलेली रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. साडेसहा मीटरच्या रस्त्यात दोन्हीकडे तेवढा पदपथ दिला तर मध्ये २.९ मीटर उरतात: एकेरी वाहतूक, माल उतरवायला सकाळची ठरावीक वेळ, आणि एकही भिंत पाडायची नाही. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले, तो रस्ता ओस पडला नाही. लक्ष्मी रस्त्याचा काही भाग २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिनासाठी वाहनांना बंद ठेवतात. हे दाखले हरकतीत लिहा.

मंडईवरच्या संकुलाचंही तेच. तळमजल्याचे गाळे लिलावात जातात, वरचे मजले रिकामे राहतात, कारण भाजी घ्यायला कोणी जिना चढत नाही. तिथल्या हातगाड्या आणि टपऱ्या मात्र पहिल्या दिवशी हटतात. पथविक्रेता अधिनियम, २०१४ प्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विद्यमान विक्रेत्यांना हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. तुमच्या गावात ही समिती आहे का आणि सर्वेक्षण कधी झालं, हे माहिती अधिकारात विचारा. शुल्क दहा रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो.

हॉस्टेलच्या मुलांना नगरसेवक जुमानत नाहीत, कारण त्यांची नावं मतदार यादीत नसतात. हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव घालता येतं. नवीन मतदाराने नमुना ६ भरायचा आणि कॉलेजचा दाखला जोडायचा. गावी नाव असेल तर नमुना ८ भरून ते इकडे हलवायचं, दोन्हीकडे ठेवणं गुन्हा आहे. पालिकेच्या निवडणुकीला विधानसभेची यादी राज्य निवडणूक आयोग ठरवेल त्या तारखेची धरतात. त्यानंतर आलेलं नाव त्या निवडणुकीत चालत नाही, म्हणून प्रभागरचनेची चर्चा सुरू होण्याआधीच हे उरका.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. मी सरसकट प्रत्येक रुंदीकरणाच्या विरोधात नाही. ज्या बोळात अग्निशमनाची गाडी शिरत नाही तिथे जागा सोडलीच पाहिजे, आणि ती कुठे सोडता येईल हे हरकतीत तुम्हीच सुचवा. हरकत फेटाळली तरी एक दार राहतं: कलम ३१ खाली मंजुरी देताना शासन सारभूत म्हणजे मोठे फेरबदल सुचवतं, त्या ‘ईपी’ (मंजुरीतून वगळलेल्या) भागांवर पुन्हा हरकती मागवतात. तुमचा रस्ता त्यात आला का, हे राजपत्रात बघत राहा. खाजगी जागेवरचं आरक्षण दहा वर्षांत संपादित झालं नाही तर कलम १२७ ची नोटीस देता येते, आणि पुढच्या चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर ते व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. पण तोवर त्या पट्ट्यात मालकाला बांधकाम परवानगी मिळत नाही. मंडईची जागा पालिकेचीच असेल तर १२७ चा काही उपयोग नाही. तिथे जे करायचं ते याच तीस दिवसांत.