लाल शाईत खोडलेला ‘बी’

अमेरिकेतील महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या निबंधलेखनाच्या वर्गातून माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांची एक चिंता ठरलेली असते: घरी जी इंग्रजी बोलत आपण वाढलो, ती चुकीची आहे का? अशाच एका आफ्रिकन अमेरिकन विद्यार्थिनीने लाल खुणांनी भरलेला निबंध माझ्यापुढे ठेवला आणि ती म्हणाली, “जन्मापासून इंग्रजीच बोलते आहे मी, आणि मलाच इंग्रजी येत नाही म्हणे.”

निबंध आजीवर होता. ‘शी बी वर्किंग’ या वाक्यातील ‘बी’ खोडून शिक्षकांनी ‘इज’ केले होते. वाक्य प्रमाण झाले खरे, पण अर्थ बदलला. कारण तिच्या बोलीतील हा ‘बी’ नित्याची क्रिया सांगतो, म्हणजे आजी एरवी सदैव कामात असते, आणि ‘इज वर्किंग’ म्हटले की ती बहुधा या घटकेपुरतीच कामात उरते. “म्हणजे चूक त्यांची!” ती प्रथमच हसली. इतकी सरळ वाटणी मात्र मला करता येईना.

विद्यार्थ्यांचा स्वतःच्या भाषेवरील हक्क मान्य करणारा ठराव महाविद्यालयीन लेखनशिक्षकांच्या अमेरिकी परिषदेने १९७४ मध्येच केला. चुकांमागेही एक तर्क असतो, हे लेखन शिकवणाऱ्या अमेरिकी प्राध्यापिका मिना शॉनेसी यांनी १९७७ मध्ये विद्यार्थ्यांचे निबंध बारकाईने वाचून दाखवले. तरीही गुण आणि नोकरीचे अर्ज प्रमाण लेखनावरच तोलले जातात, आणि हे तिच्यापासून लपवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले.

मग आम्ही पेन्सिलीने खुणा वेगळ्या केल्या. बऱ्याचशा बोलीच्या नियमांच्या होत्या, काही निव्वळ घाईच्या. तिसऱ्या परिच्छेदाशेजारी मात्र समासात ‘हे कशावरून?’ असे लिहिले होते, आणि त्याचा बोलीशी काडीचाही संबंध नव्हता. लाल शाई दिसताच मान खाली गेल्यामुळे तिने तो शेरा वाचलाच नव्हता. माझ्या अनुभवात खरे नुकसान होते ते इथेच.

आजीचे संवाद बोलीत ठेवावेत, निवेदन प्रमाण इंग्रजीत करावे, आणि ‘बी’चा अर्थ शिक्षकांना स्वतः जाऊन सांगावा, असे मी सुचवले. त्यांनी संवाद मान्य केले. निवेदनातील खूण कायम ठेवली. तिचे अर्धेच समाधान झाले, माझेही. तिसरा परिच्छेद मात्र तिने नव्याने लिहिला, आणि त्यात आजीचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस तासातासाने उतरला.